सुईच्या टोकाएवढं कुलूप

११ ऑगस्ट २००४, बुधवार

ही वही तीन वर्षं कोरी पडली होती. आजपासून लिहायचं कारण एवढंच, की घरात काही बोलले की "तुझं आपलं नेहमीचंच" असं ऐकावं लागतं. वही तसं म्हणत नाही.

धाकट्या भावाचा, प्रशिकचा खेळ आज पूर्ण झाला. नाव ‘भौंरा’. इथे रायपुरात पोरं दोरी गुंडाळून लाकडी भौंरा, म्हणजे आपला भोवरा, फिरवतात, तोच त्याने कॉम्प्युटरवर आणलाय. माउस दोरीसारखा झटकायचा, भौंरा सुटतो, मग त्याला पडू न देता सात मैदानं पार करायची. मी खेळून पाहिला. छान आहे. हे लिहिताना हात जड झाला, पण छान आहे. फक्त एक आगाऊ पोरगी त्यात उगाच घातलीय. कमरेवर हात, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, भौंरा पडला की "फिर से!" म्हणून खेकसते. बाबा तिला पाहून पोट धरून हसले. "हे पोट्टी कुठून आणली रे?" तर हा म्हणतो, "बस, दिमाग़ से।"

सगळी कॉलनी येऊन बघून गेली. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातले बाबांचे सगळे सोबती. "तुळशीरामच्या पोट्ट्यानं खेळ बनवला." बाबांची मान अशी ताठ, की कॉलर टोचत असावी.

हा कॉम्प्युटर घरी आला तेव्हा मी बी.एस्सी. झाले होते आणि हा बारावीत होता. कॉम्प्युटर त्याला, आणि मला टायपिंगचा क्लास. तो कॉलेजला गेला की मी त्याच खुर्चीवर बसून प्रोग्रॅमिंग शिकले. आज मी तात्यापारा मोहल्ल्यातल्या क्लासमध्ये लोकांना पत्राचा मजकूर उजवीकडे कसा सरकवायचा ते शिकवते, आणि तो खेळ बनवतो.

विकणार आहेत तात्यापाऱ्यातले गुलाबराव, कॅसेट-सीडीवाले. त्यांची एकच अट: कुलूप पाहिजे. "मोनालीबाई, अर्ध्या दुकानात मी सोताच नकला विकतो, म्हणून सांगून राहिलो. कुलूप नसन तं आठ दिवसांत हा खेळ बस स्टँडवर दिसन." प्रशिक म्हणाला, "खेलने दो ना लोगों को।" मी म्हणाले, कुलूप मी बनवते. कोणी विचारलं नव्हतं, मीच म्हणाले.

२९ ऑगस्ट, रविवार

कुलूप झालं. प्रत्येक सीडीसोबत एक छोटी पुस्तिका. तिच्यात चाळीस ओळी, प्रत्येक ओळीत दहा आकडे. खेळ सुरू होताना विचारतो, "ओळ सतरा, आकडा चौथा?" पुस्तिका जवळ नसेल तर भौंरा सुटतच नाही. पुस्तिका गडद लाल कागदावर काळ्या शाईने छापली आहे. झेरॉक्स मारली की पान पूर्ण काळं येतं. तीन दुकानांत मारून पाहिली, तिन्ही ठिकाणी कोळसा.

जेवताना सगळ्यांना दाखवलं. बाबांनी पुस्तिका हातात घेऊन उजेडात धरली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "मले तं काहीच दिसून नाई राहिलं." मी म्हटलं, बाबा, तेच तर काम आहे. ते "हव, हव" म्हणाले आणि प्रशिकला विचारलं, "सातव्या मैदानात काय होते रे?" पुस्तिका नंतर त्यांनी खिशात घातली. चष्मा पुसायला असावी.

१४ सप्टेंबर, मंगळवार. पोळा

आज गुलाबरावांच्या दुकानात खेळ आला. पोरं मातीचे बैल ओढत येत होती आणि काचेपलीकडे भौंरा बघत होती. प्रशिक दारात उभा राहून प्रत्येकाला माउस झटकायची युक्ती शिकवत होता. गर्दी त्याच्याभोवती. मी आत बसून पुस्तिका पिशव्यांत घालत होते.

माझी चष्म्याची काडी आज पुन्हा निघाली. दोरा बदलला.

१८ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस. माझं कुलूप चार दिवस टिकलं.

ब्राह्मणपाऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात श्यामराव नावाचे एक म्हातारे बसतात. उभा जन्म कचेरीत कागदांच्या नकला उतरवण्यात गेला, आता रिटायर होऊन अर्ज लिहून देतात. एका गिऱ्हाइकाच्या हातात माझी लाल पुस्तिका होती, झेरॉक्स काळी आली. श्यामराव म्हणाले, आण इकडे. दीड तासात चाळीस ओळी पांढऱ्या फुलस्केपवर उतरवल्या, एकही खाडाखोड नाही, खाली ‘खरी नक्कल’ असं लिहून सही! मग त्या पांढऱ्या कागदाच्या हव्या तेवढ्या झेरॉक्स.

मी स्वतः जाऊन पाहिलं. चिडून गेले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुमचीच होय का पुस्तिका? आकडे लई सुबक हायेत, बाई. तेविसाव्या ओळीत सातवा आकडा जरा पुसट उमटला, तेवढा पाहून घ्या." मी पाहून घेते म्हणाले आणि उठले.

घरी प्रशिक हसून हसून लोळला. "दीदी, तुमने पूरी दुनिया की मशीनें रोक दीं, एक बुज़ुर्ग को नहीं रोक पाई।" मग माझं तोंड बघून म्हणाला, "अरे, पर आइडिया मस्त था।" त्याचं हे ‘मस्त था’ मला थपडेसारखं लागतं.

२० सप्टेंबर, सोमवार

हिंदी पेपरात फोटो आलाय. अर्थात प्रशिकचा. ‘नई राजधानी के युवक ने बनाया देसी वीडियो गेम.’ वीस ओळी. त्यांत माझं नाव नाही. तो म्हणतो, "मैंने दो बार बोला था उनको, लॉक मेरी दीदी ने बनाया है। काट दिया होगा।" असेल. कापणाऱ्यालाही नेमकं तेवढंच सापडतं.

आईने कात्रण पिठाच्या डब्यावर चिकटवलं. रोज पोळ्या लाटताना तो माझ्याकडे बघून हसणार.

मला त्याचा राग येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्याचा हेवा वाटतो, आणि त्याला हेवा म्हणजे काय हेच माहीत नाही, हे जास्त जाळतं. मी एम.एस्सी.ला पहिली आले असते तरी तो पेढे वाटत फिरला असता. एकदा, फक्त एकदा त्याच्या पोटात दुखलेलं मला बघायचंय.

आणि काही झालं तरी कुलूप तर माझंच होतं ना.

३ ऑक्टोबर, रविवार

सुचलं!

सीडीवर माहिती आतून बाहेर लिहिली जाते, लिहिलेला, म्हणजे लेसरने जळलेला भाग उन्हात धरला तर गडद दिसतो. शेवटी, अगदी काठाला, एक निरुपयोगी फाइल लिहायची. मग वरच्या बाजूने बरोबर त्याच कड्यात सुई टोचायची. ती फाइल जखमी होते, बाकी खेळ शाबूत. नक्कल करणारं सॉफ्टवेअर जखमेची नक्कल करू शकत नाही, ते तिथे कोरी जागा भरून पुढे जातं. आणि माझा खेळ सुरू होताना आधी जखम शोधतो. जखम आहे, माल अस्सल. जखम नाही, माल चोरीचा.

श्यामरावांनी हिची नक्कल करून दाखवावी.

९ ऑक्टोबर, शनिवार

जखम सापडली नाही तर काय करायचं, यावर आठवडा गेला.

गुलाबरावांना आणि प्रशिकला मी सांगितलंय, की चोरीची सीडी पाचव्या मैदानाला बंद पडेल. तसं मी केलेलं नाही. बंद पडली की चोराला लगेच कळतं इथे कुलूप आहे, आणि कळलं की तो ते फोडतो. म्हणून मी भौंऱ्याला कल दिलाय. पाचव्या मैदानापासून डावीकडे, केसाएवढा. सहाव्यात थोडा जास्त. सातव्यात कितीही जपा, शेवटच्या रेषेआधी भौंरा लवतो, एक मोठं वर्तुळ घेतो आणि आडवा होतो. खेळणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकला. तो कुलूप शोधायला जाणारच नाही. असं सुंदर काम मी आजवर केलेलं नाही.

हे झालं एक कारण. दुसरं लिहू की नको, असं करत चहा थंड झाला. लिहिते. भौंरा पडला की लोक माझ्या कुलपाला नाही, प्रशिकच्या खेळाला नावं ठेवतील. हे मला माहीत आहे. माहीत असून केलं.

१७ ऑक्टोबर, रविवार

आई सीडी टोचतेय. मी पुठ्ठ्याचा साचा कापून दिला, त्यात एकच छिद्र. साचा ठेवायचा, सुई दाबायची, पुढची घ्यायची. कॉलनीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज शिवलेला हात, एकही वाकडी पडत नाही. पण तोंड चालू.

"चांगल्या नव्या वस्तूले भोक काहून पाडते, माय?"

मी तिला समजावलं की हीच अस्सलपणाची खूण. ती म्हणाली, "खूण असन. पन घरच्या मानसाले, पाहुन्याले भोक पडलेली वस्तू कशी द्याची? लोक म्हनतीन, भीमाबाईनं फुटका माल देल्ला." मी म्हटलं, बरं, टोच तू. ती पुटपुटत राहिली, मी पुढच्या सीडी कॉम्प्युटरवर जाळत राहिले. आमच्या दोघींचं काम असंच चालतं.

२३ ऑक्टोबर, शनिवार

काल दीक्षाभूमीला जाऊन आलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रशिकने गोंदियापर्यंत स्वतःची जागा एका आजीला दिली आणि दारात उभा राहिला. डब्यातल्या सगळ्या बायका त्याचं कौतुक करत होत्या. मीही एकीला जागा दिली होती, पण डोंगरगडनंतर.

२ नोव्हेंबर, मंगळवार

छत्तीसगडच्या राज्योत्सवाच्या मेळ्यात गुलाबरावांनी स्टॉल घेतलाय. नवा, सुईवाला माल. प्रशिक माउस झटकून दाखवतोय, मी पिशव्या भरतेय, आई डबा घेऊन आली होती.

दुपारी एक बाई आल्या. विनोदिनी मॅडम. हैदराबादला खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, इथे नातेवाइकांकडे आल्या होत्या. माहेर अमरावतीचं, आईसारखंच. तीन मैदानं खेळल्या आणि प्रशिकला म्हणाल्या, "भौंऱ्याचं हे फिरणं तू एकट्याने लिहिलंस?" तो म्हणाला, "हाँ मैम, और लॉक मेरी दीदी का है।" त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. लोक पाणी देणाऱ्याकडे पाहून हलवतात तशी.

जानेवारीत त्यांच्याकडे एक जागा आहे. एकच. सीडी पूर्ण खेळून बघतील आणि कळवतील. प्रशिकचे कान लाल झाले. माझेही झाले असणार, पण ते कोण बघतं? हैदराबाद. स्वतःचं टेबल, स्वतःचा कॉम्प्युटर. मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला आजवर कोणी ‘पूर्ण बघून कळवते’ असंसुद्धा म्हटलेलं नाही.

मी पिशवी द्यायला उठले, तर आईनेच आपल्या थैलीतून एक सीडी काढून त्यांच्या हातात ठेवली. "माहेरची मानसं भेटली तं बरं वाटते," म्हणाली, आणि डब्यातला चिवडाही बांधून दिला. आईला कोणीतरी अमरावतीचं भेटलं की ती घर द्यायलाही मागेपुढे पाहणार नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार

नकला निघाल्या. बस स्टँडवर बंडू नावाचा एक जण विकतो. उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका सायबर कॅफेत रोलिंग मिलची पोरं पाळी सुटली की बसतात, आठही मशीनवर भौंरा. आणि आठही भौंरे सातव्या मैदानात पडतात!

गुलाबराव वैतागून सांगत होते, "प्रशिक, लोक म्हनून राहिले का शेवट होतच नाई. खेळच चुकीचा बनवला म्हनतेत." प्रशिक गोंधळला. आमच्या मशीनवर सीडी लावली, पार केली. पुन्हा पार केली. आमची सीडी टोचलेली आहे, तिच्यात भौंरा कशाला पडेल?

"मेरे यहाँ तो चल रहा है," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, दिवसभर बरं वाटत होतं. संध्याकाळी क्लासमध्ये एक पोरगी म्हणाली, तुमच्या भावाचा तो गिरनेवाला गेम खूप भारी आहे, आमच्या गल्लीत पैज लागलीय कोण आधी जिंकतो. म्हणजे पडण्याचंही श्रेय त्यालाच. पडणं माझं आहे! हे मी कोणाला सांगू?

२४ नोव्हेंबर, बुधवार

विनोदिनी मॅडमची मेल. प्रशिकने वाचली आणि उठून गेला, तेव्हा मी वाचली. फिरणं अप्रतिम आहे, पण सातव्या मैदानात भौंरा कारण नसताना पडतो. अकरा वेळा खेळले, अकरा वेळा पडला. ज्याने स्वतःचा शेवट तपासला नाही त्याला सध्या घेता येणार नाही. महिनाभर जागा रिकामी आहे, दोष सापडला तर कळवावं.

हे मला समजत नाही. त्यांची सीडी तर स्टॉलवरची, अस्सल. जखम असणारच. मग भौंरा पडला कसा? याचा अर्थ एकच: त्याच्या लिहिण्यातही कुठेतरी खरंच चूक आहे. माझा कल वेगळा आणि त्याची चूक वेगळी.

म्हणजे तोही चुकतो. मी हे वाक्य दोनदा लिहिलं असतं, पण पान वाया जाईल.

२८ नोव्हेंबर, रविवार

तो जेवत नाही. फिरण्याचं सगळं गणित नव्याने लिहून काढलं, तरी आमच्याकडे भौंरा पडत नाही, म्हणून त्याला दोष सापडत नाही. काल म्हणाला, "दीदी, शायद मुझे आता ही नहीं है। तुक्के से बन गया था।" बाबांनी पिठाच्या डब्यावरचं कात्रण काढून ठेवलं, त्याला दिसू नये म्हणून.

मला हेच बघायचं होतं ना? मग मीही ताट तसंच का झाकून ठेवलं?

४ डिसेंबर, शनिवार

आज दुपारी आई ब्लाउजला हुक लावत होती, प्रशिक भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती आपली सहज म्हणाली, "त्या विनोदिनीबाईले तं मी चांगली देल्ली होती. बिनभोकाची. तरी काहून बिघडली?"

मी विचारलं, बिनभोकाची म्हणजे?

"अवं, घरच्या मानसाईसाठी धा-बारा मी टोचल्याच नाईत. लुगड्याखाली ठेवल्या. तुया मावशीले एक देल्ली, साहेबाईले एक, त्या बाईले एक. मानाच्या मानसाले भोकाची कशी देऊ?"

शहरभर चोरांना पकडायला सापळा लावला, आणि सापडली ती आईने मानाने दिलेली सीडी. मावशीचा भौंरा पडतो, बाबांच्या साहेबांचा पडतो, विनोदिनी मॅडमचा अकरा वेळा पडला. प्रशिकची कुठेही चूक नाही. कधीच नव्हती.

प्रशिकने ऐकलं असेल. पण त्याला वाटतं टोचली नाही तर सीडी पाचव्या मैदानात बंद पडते. मीच तसं सांगितलं होतं. तो कूस बदलून पुन्हा भिंतीकडे वळला.

मी गप्प बसले. आज गप्प बसले.

६ डिसेंबर, सोमवार

सकाळी आईने बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. आम्ही चौघं उभे राहिलो. वंदना म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही म्हणताना, मी तेवढी ओळ गाळली. बाबांनी वळून पाहिलं.

कॉलनीच्या मिरवणुकीला आई-बाबा गेले आणि मी प्रशिकला कॉम्प्युटरपुढे बसवलं. आईच्या लुगड्याखालची एक सीडी आणून लावली. म्हटलं, खेळ. सातव्या मैदानात भौंरा लवला, मोठं वर्तुळ घेतलं, आडवा झाला. मग मी सगळं सांगितलं. सुई, जखम, कल. दुसरं कारणही सांगितलं. "मला तुझा हेवा वाटतो. लहानपणापासून." हे शब्द तोंडातून काढायला सव्वीस वर्षं लागली, आणि बाहेर आले तेव्हा अगदीच छोटे होते.

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर मीही ओरडले असते, जरा सोपं गेलं असतं. त्याने पुन्हा खेळायला घेतलं. पुन्हा पाडला. चार वेळा. ती चष्म्यावाली पोरगी चारही वेळा "फिर से!" म्हणून खेकसली. शेवटी तो माझ्या चष्म्याकडे बघून थोडं हसला. मी विचारलं, काय झालं? "कुछ नहीं।" मग म्हणाला, "दीदी, गिरता बहुत सुंदर है। सच में।" आणि बाहेर निघून गेला. दुपारपर्यंत आला नाही.

मी मॅडमना मेल लिहिली. चार पानं. लाल पुस्तिका चार दिवसांत कशी हरली, सुई कशी टिकली, आणि ती टिकली तरी नुकसान कोणाचं झालं: चोरांच्या गल्लीत पैजा लागल्या, आणि विश्वासाने घेतलेल्या माणसाचा खेळ बिघडला. शेवटी लिहिलं, दोष माझा आहे, भावाचा नाही, जागा त्याला द्यावी. पाठवण्याआधी ‘जागा त्याला द्यावी’ हे एकदा खोडलं. मग परत लिहिलं.

११ डिसेंबर, शनिवार

बस स्टँडवरच्या बंडूला कोणीतरी अस्सल सीडी उन्हात धरून दाखवली म्हणे. आता तो नकला करून झाल्या की प्रत्येकीला सुई टोचतो. साचासुद्धा पुठ्ठ्याचाच. त्याचे भौंरे आता पडत नाहीत. म्हणजे माझं दुसरं कुलूप पाच आठवडे टिकलं. या घडीला रायपुरात भौंरा पडतो तो फक्त आमच्या मानाच्या माणसांकडे.

गुलाबरावांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई, पाच हप्ते म्हनजे लई झाले."

१७ डिसेंबर, शुक्रवार

मेल आली. माझ्या नावाने.

सावकाश लिहिते. मॅडम म्हणतात, आमची कुलपं पाच दिवस टिकत नाहीत आणि कोणी ते कबूल करत नाही. कुलपात सगळ्यात आधी प्रामाणिक माणूस अडकतो, हे कोणी इतकं पुराव्यानिशी लिहून दिलेलं नाही. फिरणं लिहिणारे आमच्याकडे आहेत. पाडणारं कोणी नाही, आणि का पाडलं हे खरं सांगणारं तर नाहीच. जागा एकच आहे, ती तुम्हाला देत आहोत. भावाने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

बाबांनी मेल मला तीनदा वाचायला लावली. मग खिशातून काहीतरी काढून डोळे पुसले. ती माझी लाल पुस्तिका होती, ऑगस्टपासून खिशातच होती, घामाने तिचा रंग त्यांच्या बोटांना लागला होता. मला वाटलं होतं ती त्यांनी कधीच टाकून दिली असेल. आईला विचारलं, एवढं कशाला रडते? म्हणाली, "पोट्टी चालली म्हून."

प्रशिकने स्वतः मेल वाचली. एकदा पटकन, एकदा हळू. "बधाई हो, दीदी।" मिठी मारली, घट्ट. मग कॉम्प्युटरपुढे बसला, माउस उगाच इकडेतिकडे फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैसे, घूमने वाला हिस्सा तो मेरा ही था ना।"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हसत होते आणि गाल हसत नव्हते. ते तोंड मला पाठ आहे. रोज वेणी घालताना आरशात मी तेच बघते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि मला ते त्याच्या चेहऱ्यावरून हाताने पुसून काढावंसं वाटलं. "हव," मी म्हणाले, "तुझाच होता. सगळा तुझाच." त्याने ऐकलं नाही. असं कोणी म्हटलं की ऐकू येत नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तेवढ्यात आईने लुगड्याखालून शेवटची सीडी आणली. तिथे खेळून बघशील म्हणाली, आपल्या घरची आठवण. मी म्हटलं, आई, ही टोचलेली नाही, हिच्यात भौंरा पडेल. "असू दे. तुले भोकाची काहून देऊ?"

प्रशिक उठला. "ला, मैं कर देता हूँ।" त्याने साचा ठेवला, सुई उचलली, टोक बरोबर छिद्रावर आणलं. थोडा वेळ तसाच थांबला. मग सुई आईच्या डब्यात परत ठेवली आणि सीडी मला तशीच दिली.

"ऐसे ही ले जा," म्हणाला. "गिरने दे।"

मी त्याच्या जागी असते तर मीही टोचलं नसतं. सीडी मी पेटीत कपड्यांच्या मध्ये ठेवली आहे.